लिंबोणीखालची मोजणी

१० मार्च २०२५, सोमवार

आजपासून तीस दिवस.

पुण्याच्या संस्थेचा अर्ज आला आहे. घराच्या आवारातल्या एका पक्ष्याची सलग तीस दिवस नोंद, सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास, आणि एकही दिवस चुकता कामा नये. ती पाठवली की त्यातून दहाजण निवडून वर्षभराच्या पक्षी-पाहणीला नेणार. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली. माझ्या पदवीची चौकट अण्णांनी शनिदेवाच्या फोटोशेजारी लावली आहे, आणि मी सोनईच्या क्लासमध्ये पाचवीच्या मुलांना भागाकार शिकवते.

पक्षी शोधायला लागलाच नाही. परसातल्या लिंबोणीत सातभाईंनी घरटं केलंय. धाब्यावरून, घराच्या सपाट छतावरून, बरोबर आत दिसतं. चार अंडी, निळीशार. थवा सहाजणांचा. आमच्या घराला ना पुढं दार ना मागं, शनिदेवाच्या भरवशावर गावात कुणालाच नाही, त्यामुळे हे सहाजण सकाळी स्वयंपाकघरातून आरपार टुणटुणत जातात. आई त्यांना "पावनं आले" म्हणते.

अडचण एकच. संध्याकाळी पाच ते सहा मी सोनईला असते. आईला विचारलं. तिला लिहिता येत नाही, पण रेघ मारता येते. पाटी दिली. कुणी घरट्यावर आलं की एक रेघ.

"आन् माजा एक डोळा अधू हाय, त्याचं काय?"

"दुसऱ्यानं बघ."

आईचा डावा डोळा लहानपणीच गेला, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली असताना पातं लागून. त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. पण उजव्या डोळ्यानं ती अजून सुईत दोरा ओवते.

१२ मार्च, बुधवार

पहिल्या दोन संध्याकाळच्या रेघा सुरेख आहेत. पाच उभ्या झाल्या की आडवी मारायची हे एकदाच सांगितलं होतं. शेपटी तुटलेली एक आहे तीच जास्त वेळ अंड्यांवर बसते, हे आईनं मला सांगितलं. मी तीन सकाळी बघूनही ठरवत होते.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. आज उद्याच्या शनिवारच्या माळा, देवळापुढच्या दुकानात द्यायच्या. रुईची पानं आईनं पहाटेच तोडून आणली. सुमनमावशी शेजारून ओरडली, "गोजरे, पोरीला पाखरं मोजायला शिकवलंस, तिला माळा करायला कोन शिकवनार? तिची सासू?"

आई म्हणाली, "तिची सासू पन पाखरंच मोजंल."

रंग खेळले नाही. दोन तास पूर्ण केले.

१८ मार्च, मंगळवार

पिल्लं निघाली. तीन. चौथं अंडं तसंच आहे.

१९ मार्च, बुधवार

आज जे पाहिलं त्यानं दिवसभर बरं वाटलं. पिल्लांना फक्त आईबाप भरवत नाहीत. सहाच्या सहाजण भरवतात. एक अळी घेऊन आला की दुसरा फांदीवर थांबून वाट बघतो, रांगेत उभं राहिल्यासारखा. ज्याचं पिल्लू नाही तोही चोचीत किडा धरून येतो. पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. वाटलं, माणसांनी घर असंच चालवायला हवं, एकावर भार नको. हे अर्जाच्या प्रस्तावनेत लिहीन.

मी लिहीत होते, तेवढ्यात आईनं धाब्यावर चहा आणून दिला. मग खाली गेली, भांडी घासली, पाणी भरलं, अण्णांचा डबा त्यांच्या रसवंतीवर देऊन आली. येताना जनावराला गवत आणलं. मी म्हटलं, "आई, बघ ना, सगळे मिळून करतात." ती म्हणाली, "व्हय, लई शहानी हाईत."

२१ मार्च, शुक्रवार

पुढच्या शनिवारी अमावास्या आहे, शनी अमावास्या. गर्दी होणार म्हणून दुकानदाराला आतापासून जास्त माळा हव्यात. आई आणि सुमनमावशी सकाळपासून पानं ओवत होत्या. दुपारी आईनं घाम पुसायला हात डोळ्याशी नेला आणि रुईचा चीक उजव्या डोळ्यात गेला. पाण्यानं धुतला. मावशीनं तुपाचं बोट फिरवलं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई गं. जरासं चुरचुरलं. गेलं."

संध्याकाळी क्लासहून आले तर पाटीवर बावीस रेघा. म्हणजे बरी असणार.

२२ मार्च, शनिवार

डोळा लाल आहे. दुखत नाही म्हणते. मी म्हटलं, सोनईला दाखवू. म्हणाली, "दुखत न्हाई तर डाक्टरला काय दाखवू, रंग?" हसायला आलं.

सकाळी ६.३० ते ८.३०: ४१ फेऱ्या.

२४ मार्च, सोमवार

आज चिडले. पाटीवरच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या, दोन तर चौकटीच्या लाकडावर. मोजताच येईनात. एकोणीस की तेवीस? मी म्हटलं, "आई, हे गंमत म्हणून नाही चाललेलं. ही शास्त्रीय नोंद आहे."

ती म्हणाली, "उद्या नीट करते."

मला तिच्यावर आवाज चढवायला नको होता. पण खरं सांगते, दमले आहे. पहाटे उठायचं, धाब्यावर बसायचं, मग सोनई, मुलांचे भागाकार, परत येऊन वही. आणि एवढं करून दहाजणांत नाव येईलच असं कुठं आहे? आपल्याला सांगणारं घरात कुणी नाही. अर्जात "पालकांचे शिक्षण" असा रकाना आहे. तिथं रेघ मारली.

२६ मार्च, बुधवार

सोनईला गेल्यावर कळलं, क्लासला सुट्टी आहे, म्हणून साडेपाचलाच घरी आले. पडदा बाजूला केला तर आई परसात लिंबोणीकडे पाठ करून बसलेली, तोंड भिंतीकडे, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला. मांडीवर पाटी. आणि रेघ मारतेय!

म्हणजे इतके दिवस ती मनानं रेघा मारत होती? माझी सगळी वही खोटी?

"आई! झाडाकडं बघतसुद्धा नाहीस तू!"

ती दचकली. मग शांतपणे म्हणाली, "ऊन तोंडावर येतंय. कान हायेत की. आला की तिगं बी चिरचिरतात. गिळलं की गप. एक रेघ."

रात्री जेवले नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज पडताळा घेतला. सकाळी पहिला अर्धा तास डोळे मिटून बसले, फक्त ऐकलं. मोबाईल समोर ठेवून चित्रण केलं आणि नंतर बघून मोजलं. कानानं अकरा, चित्रणात बारा.

म्हणजे आई बरोबर होती! एवढंच नाही, ऐकून तिला पाठच्या फांदीवरून येणारेही कळतात, जे मला धाब्यावरून दिसत नाहीत. तिची मोजणी माझ्याहून चांगली असू शकते. अर्जात एक परिच्छेद घालते, "आवाजावरून फेऱ्यांची नोंद: एक स्थानिक पद्धत". आईला सांगितलं तर म्हणाली, "माजं नाव नको घालू."

"का?"

"उगं कशाला."

भाकरी करपली होती. दोन दिवस करपतेय. अमावास्येच्या कामानं ती थकली आहे.

२९ मार्च, शनिवार

शनी अमावास्या. घोडेगाव फाट्यापासून गाड्या तुंबल्यात. अण्णा पहाटे चारला रसवंतीवर गेले. आईच्या माळा दुकानदारानं परत पाठवल्या. पानं उलटी, मध्येच गाठी, दोन माळा एकमेकींत ओवलेल्या.

सुमनमावशी माळ बोटावर लटकवून म्हणाली, "गोजरे, ही माळ हाय का सातभाईचं घरटं? देवाला घालू का पोरीला मोजाया देऊ?"

आई हसली. मावशी नाही हसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सुकन्ये, तुजी आय आताशा लई ठेचकाळती गं."

मी म्हटलं, "मावशी, झोप नाही तिला. अमावास्या संपली की आराम करेल."

फेऱ्या: सकाळी ५२. पिल्लांना पंख फुटलेत. आणखी तीन-चार दिवसांत उडतील. मी तिथं असायलाच हवी.

३० मार्च, रविवार

पाडवा. आणि वाईट दिवस.

गुढी उभारून झाली तेवढ्यात परसातून सातभाईंचा कालवा उठला. माझ्याआधी आई ओरडली, "सुकन्ये, घरट्याकडं जा, ह्यो आवाज येगळा हाय!" मी धावले. भिंतीवर भारद्वाज, तपकिरी पंख, लाल डोळा. सुमनमावशी तिच्या अंगणातून हात जोडून उभी. "पाडव्याला भारद्वाज! सोनं दिसलं, सोनं! गोजरे, हात जोड!" मावशीला त्याच्या चोचीत काय होतं ते दिसलं नाही. मला दिसलं. पिल्लू होतं. अजून हलत होतं.

सहाही सातभाई त्याच्यावर तुटून पडले. मी चप्पल फेकली. तो भिंतीवरून पलीकडे गेला, पिल्लासकट.

"जोडलं का हात?" मावशी विचारत होती.

"जोडलं," आई म्हणाली.

नऊला नोंद लिहिली. शास्त्रीय भाषेत लिहिली: "भक्षण. एक पिल्लू. ८.४०." मग धाब्यावर रडले. भारद्वाजालाही पिल्लं असतील, हे मला कळतं.

आता डोळ्यापुढून एक गोष्ट जात नाही. भारद्वाज भिंतीवर, आईच्या डाव्या हाताला, सहा फुटांवर होता. आईनं हात जोडले ते लिंबोणीकडे तोंड करून. तिथं तेव्हा काही नव्हतं.

घाईत असेल.

३१ मार्च, सोमवार

सकाळची नोंद केली. ३८ फेऱ्या, दोन पिल्लं.

मग खाली आले. आई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उतरून तिच्यासमोर उभी राहिले. घरट्यासमोर उभी राहते तशी, न हलता, श्वास सावकाश. चार हातांचं अंतर. ऊन माझ्या अंगावर. तिचं तोंड सरळ माझ्याकडे.

ती लसूण सोलत राहिली. मग मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि धाब्याकडे हाक मारली. "सुकन्ये! ए सुकन्ये! चहा निवला बघ!"

मी तिथंच होते.

"आई," मी म्हटलं.

तिच्या हातातला लसूण खाली पडला. "कवाची उभी हाईस?"

मी तिचा उजवा डोळा बघितला. बुबुळावर वाफ धरलेल्या काचेसारखं. रोज चहा देणारी, रोज पाटी देणारी बाई, आणि मी तिच्या डोळ्याकडे दहा दिवसांत एकदाही नीट बघितलं नाही. शेपटी तुटलेली सातभाई मला चाळीस फुटांवरून ओळखू येते.

"किती दिसतं?"

"दिसतं की."

"आई."

"... धुकं दिसतं. मानूस हालला की कळतं."

अण्णांना फोन केला. ते रसवंती तशीच टाकून आले. मग म्हणाले, "कालवनात मीठ दोनदा पडतंय, मला वाटलं वय झालं."

उद्या नगरला जायचं. आई म्हणाली, "सात-आठ दिस थांब. तुजी वही हू दे, मग जाऊ. दुखत न्हाई मला."

तेवढ्यासाठी ती गप्प होती.

१ एप्रिल, मंगळवार

तेविसावा दिवस. नोंद नाही.

पहाटेची एस.टी., घोडेगावला बदलली, नऊला नगर. डोळ्यांच्या दवाखान्यात ही रांग. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. "किती दिवस झाले?" आई म्हणाली, "झाले दोन-तीन." मी पिशवीतून ही वही काढली. एकवीस तारीख, दुपार. अकरा दिवस.

"एवढं बारीक लिहून ठेवलंय," बाई वही चाळत म्हणाल्या, "रेघा चुकल्या ते, भाकरी करपली ते. मग आणलं का नाही?"

मी वही परत घेतली.

त्या म्हणाल्या, रुईचा चीक दुखत नाही, म्हणूनच लोक घरी बसून राहतात. बुबुळाला सूज आहे. दर दोन तासांनी थेंब, आठ दिवसांनी परत. बरं होईल का विचारलं. "बरंचसं होईल बहुतेक. पूर्वीसारखं होईल असं आज नाही सांगत. दुसऱ्या दिवशी आला असता तर सांगितलं असतं."

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मोडली ना वही?"

"मोडू दे."

"तुला सोपं हाय मोडू दे म्हनाया. मी किती रेघा मारल्यात."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू बसली असतीस का धाब्यावर? पहिल्या दिशीच नगर धरलं असतंस. तुला वळखत न्हाई व्हय मी?"

मी आहे त्याहून तिनं मला चांगली मानलं होतं. बावीस तारखेला तिनं एक विनोद केला आणि मी हसून गप्प बसले, हे वहीत माझ्याच अक्षरात आहे.

२ एप्रिल, बुधवार

घरटं रिकामं. कालच उडाली असणार. अण्णांना विचारलं, ते काल दुपारी घरी होते. "मला काय ठावं? वरडत हुती. ती रोजच वरडत्यात."

तेवीस दिवसांत जो क्षण बघायचा होता तो कुणीच बघितला नाही. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं. थेंबाची वेळ झाली.

५ एप्रिल, शनिवार

माळा मी केल्या, काल दुपारपासून. अण्णांचा गॉगल लावून, हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. सुमनमावशी बघून म्हणाली, "ही बाई माळ करती का विहीर फोडती?" मग माझ्याजवळ बसली, आणि पहिल्यांदाच तिनंही पिशव्या मागून घेतल्या. म्हणाली, बहिणीच्या सासरी एका म्हातारीचा डोळा असाच गेला, तेव्हा सगळे म्हणाले साडेसाती.

चाळीस माळा, नीट झालेल्या तीस. पाठ मोडली. आई हे दर आठवड्याला करते, भाकरी, पाणी, गवत, भांडी सांभाळून. प्रस्तावनेतलं सहा सातभाईंचं वाक्य खोडलं. ते मी लिहायचं नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

अर्ज पाठवला. बावीस दिवसांची नोंद. तेविसाव्या दिवसापुढं लिहिलं: "निरीक्षक गैरहजर. आईला दवाखान्यात नेले." निरीक्षकांच्या रकान्यात दोन नावं घातली. सुकन्या पुंजाराम, आणि गोजरबाई पुंजाराम. तिच्या नावापुढं: "२१ मार्चनंतरची संध्याकाळची नोंद केवळ ऐकून. त्या काळात निरीक्षकास दिसत नव्हते."

अट तीस दिवसांची आहे. घेणार नाहीत. तरी पाठवला.

८ एप्रिल, मंगळवार

परत नगर. डोळ्याची लाली गेलीय. तपासणीच्या खोलीत भिंतीवर तक्ता, त्यावर तीन दांड्यांची एकच खूण, कधी वर तोंड, कधी खाली, कधी बाजूला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी बोटानं दिशा दाखवायची. आम्ही तिथंच बाकावर बसून होतो. आमच्या आधी सातजण झाले. प्रत्येकजण मोठ्यानं सांगत होता.

आईचा नंबर आला. तपासणाऱ्या ताईंनी डावा डोळा झाकला. छडी पहिल्या ओळीवर टेकली.

"वर," आई म्हणाली. "खाली. डावीकडं. वर. उजवीकडं."

पाच ओळी. एकही चूक नाही. छडी तक्त्यावर टेकल्याचा आवाज झाला की ती उत्तर देत होती.

"वा मावशी! एकदम मस्त," ताई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. आई खुर्चीत ताठ बसली होती. किती खूश होती.

मला वाटलं, लिहू दे. इतकं दमायला झालं होतं. लिहिलं की आम्ही घरी जाणार, आई सगळ्यांना सांगणार डोळा बरा झाला म्हणून, मी परत पहाटे उठायला मोकळी.

"ताई," मी म्हटलं, "तक्ता उलटा करा. आणि सांगू नका उलटा केलाय ते."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तक्ता खिळ्यावरून काढून उलटा लावला. छडी टेकली.

"वर," आई म्हणाली.

खूण खाली तोंड करून होती.

आईनं मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. ओठ आवळले होते. मग पुन्हा समोर तोंड केलं आणि हळू म्हणाली, "न्हाई दिसत."

ताईंनी एक मोठा पुठ्ठा घेतला, त्यावर तीच खूण, आणि लांबून चालत यायला लागल्या.

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"काळं काय तरी हाय. न्हाई."

"आता?"

"थांबा," आई म्हणाली. "थांबा, तितंच. डावीकडं."

डावीकडेच होतं. ताईंनी पुठ्ठा फिरवला. खाली. तेही बरोबर आलं. त्या म्हणाल्या, आठ दिवसांपूर्वी यांना हातभर अंतरावरची बोटं मोजता येत नव्हती, आज सहा फुटांवरून दिसतंय. औषध लागू पडतंय. थेंब अजून महिनाभर, आणि आता दर आठ दिवसांनी यायचं. खोटं सांगितलं असतं तर थेंब आजच बंद केले असते.

बाहेर आलो. आई म्हणाली, "जल्मात एक परीक्षा दिली, तीबी पोरीनं नापास केली."

"कॉपी करत होतीस."

"मग? सगळी पोरं करत्यात, तूच सांगतीस."

ती माझ्या दंडाला धरून चालत होती. दवाखान्याच्या दाराशी थांबली. पाय पुढं टाकला नाही.

"सुकन्ये, म्होरं पायरी हाय का? सांग मला."

"आहे," मी म्हटलं. "तीन आहेत. दुसरी जरा उंच आहे."